बाजूची सीट

पत्नी गेली तेव्हा पिंपळगाव राजाहून बालमित्र सईदचं पत्र आलं होतं: ‘एकटा नको राहू, सोबत फिरू.’ निवृत्त ग्रंथपाल भगवंतरावांनी उत्तराचे मसुदे फाडले. एकही धड वाटला नाही. दोन वर्षांनी ते शोरूममध्ये आलिशान गाड्यांतली सर्वांत स्वस्त सेडान पाहायला आले. स्टीअरिंगशी बसून त्यांनी आपला पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि पुस्तकांची जड पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली, तशी गाडी टुंगटुंग वाजू लागली. “काकाजी, तिले वाटते तिथं मानूस बसला हाय. पट्टा लावा म्हन्ते,” विक्रेता हसला. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. घरात असते तशी शांतता पसरली. “मंग, घेता न?” “एकट्याले एवढी गाडी काऊन?” पुटपुटत ते उतरले. समोरच्या पोस्टात त्यांनी सईदला कार्डावर भरभर लिहिलं: ‘बाजूले तू बसशील तरच गाडी घेतो,’ आणि पुन्हा न वाचता ते पेटीत टाकलं.