हत्तींवरच्या शेणी

निसारचं वागणं रत्नव्वाला अजिबात पटत नव्हतं. माणसानं भांडावं तर तोंडानं भांडावं. हा देवळाचा सरकारी राखणदार, आपला बादली घेऊन येतो, देवळाच्या भिंतीवरच्या शेणी लाकडी पट्टीनं खरवडतो, पाणी मारतो आणि निघून जातो. हूं नाही की चूं नाही. मुक्या माणसासमोर तोंड उघडायचं तरी किती?

आजही तेच. तिनं उजाडताच दगडी हत्तींच्या रांगेवर शेणी थापल्या होत्या, नेहमीपेक्षा जास्तच. एकाही हत्तीची सोंड दिसत नव्हती. निसारनं फाटक उघडलं, भिंतीकडं बघितलं, जेवणाचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि पाणी आणायला गेला.

आधी तो असा नव्हता. आधी फाटकातनंच ओरडत यायचा. आक्का, हजार वर्सांची भिंत हाय ही, म्हणायचा. मग हजार वर्सं शेणी सोसल्याच की तिनं, असं ही म्हणायची. तो निळ्या बोर्डावरचा दंड आणि कैद सांगायचा, ही त्याच्या आज्याला कुणाच्या शेतातनं हरभरा उपटताना धरलं होतं ते सांगायची. ओरडून ओरडून त्याचा घसा सुकला की ती गडव्यातनं पाणी द्यायची. पाणी पिऊन तो पुन्हा दंडावर यायचा. दुपार कशी कलली ते कळायचं नाही.

देवळाभोवती त्याच्याही आधी आळी होती. सरकारनं देऊळ राखायला घेतलं आणि आळी उठवली. सगळे डांबरी रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीत गेले. रत्नव्वाचं घर सरकारी हद्दीच्या दगडाबाहेर दोन हात उरलं, म्हणून राहिलं. मला हलवणारा अजून जन्मायचाय, असं तिनं तेव्हा पंचांच्या तोंडावर सांगितलं होतं. आता हलवायलासुद्धा कुणी येत नव्हतं. शशिधर, तिचा लेक, वारणानगरला कारखान्यात. दसऱ्याला यायचा, गॅसची टाकी बदलून द्यायचा, घड्याळ बघत जेवायचा. रविवारी गाडीतनं पावणं यायचे. हत्तींचे फोटो काढायचे आणि तिला विचारायचे, इथं बाथरूम कुठाय?

गेल्या महिन्यात निसारच्या खात्याचे साहेब आले आणि शेणी बघून भडकले. त्या म्हातारीवर पोलिसात तक्रार दे, नाहीतर तुझ्या जागी दुसरा माणूस बघतो, असं निसारला सांगून गेले. उचगावात निसारची बायको, दोन पोरं, म्हातारी आई, सगळे ह्या पगारावर. रत्नव्वा भिंतीआड सुपानं दाणे पाखडत सगळं ऐकत होती. निसारनं तक्रार दिली नाही. पण त्या दिवसापासनं तिच्याशी बोलणं टाकलं.

आज साहेब पुन्हा येणार होते. काल निसार फोनवर म्हणाला तेही तिनं ऐकलं होतं. आणि तरी तिनं थापल्या होत्या.

निसार घासत राहिला. ती उंबऱ्यात बसून त्याला डिवचत राहिली. हात चालतोय की नाही, बायकोनं भाकरी घातली नाही वाटतं, त्या कोपऱ्यातल्या हत्तीचा डोळा राहिला बघ. त्यानं त्या हत्तीचा डोळाही धुतला.

भिंत निघाली स्वच्छ, पण खाली ओल्या शेणाचा ढीग साचला. रोज तो ढीग संध्याकाळपर्यंत तिथंच राहायचा. आज साहेबांच्या नजरेआड टाकायला एकच जागा होती, रत्नव्वाच्या परड्यातला गोठा. म्हस मारकी हाय, मागं कुणी फिरकायचं न्हाय, असा तिचा पहिल्यापासनं दंडक. निसारनं घमेलं भरलं, खांद्यावर घेतलं आणि घराला वळसा घालून चालू लागला.

ती उठली. लाथ घालंल म्हस, म्हणून ओरडली. तो थांबला नाही.

गोठ्यात म्हस नव्हती. गव्हाण कोरडी होती, तिच्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. खुंट्याला दावं नव्हतं. जमीन झाडून लख्ख, कडब्याची एक काडी नाही. कोपऱ्यात फक्त एक पाटी होती. तळाला ओलं शेण, वर डोक्यावरची चुंबळ.

गुरं आता होती ती फक्त नव्या वसाहतीत, आणि ती तिथनं चांगली लांब. मधे ओढा, ओढ्यावरची चढण. निसारनं घमेलं खाली ठेवलं. रस्त्याकडनं जीपचा आवाज आला, पण तो हलला नाही. मागं रत्नव्वा गोठ्याच्या दारात येऊन धापा टाकत उभी होती.

"आक्का," तो महिन्यात पहिल्यांदा बोलला, "म्हस कुठाय?"

"शशिधरनं कवाच इकली."

"आन् ह्ये शेण? चुलीला तर तुमच्यात गॅस हाय. मग डोईवर वझं घिऊन, ओढा चढून, त्या भिंतीला..."

रत्नव्वानं पदर खोचला. जेवणाला उशिरा आलेल्या पोराकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं.

"एवढं इचारायला तुला दोन पावसाळं लागलं," ती म्हणाली. "असला कसला रं राखणदार तू?"