ठेक्यामागचं वैर

पहिल्याच रेकॉर्डिंगला ड्रमर हातानो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "निशिवाकी, तुला बेस गिटार जमत नाही." तेव्हापासून निशिवाकी मुद्दाम ठेक्याच्या किंचित मागे वाजवायचा आणि हातानो चिडून ठेका पुढे पळवायचा. बँड फुटल्यावर दोघांनी एकमेकांना नवीन वर्षाचं साधं कार्डही पाठवलं नाही. चाळीस वर्षांनी टोकियोतली पोरं त्याच गाण्यांवर नाचायला लागली, म्हणून दोघं पुन्हा एका रंगमंचावर आले.

पडदा उघडण्याआधी हातानो निशिवाकीपुढे कमरेत वाकला. "चुकलं माझं."

मग दोघं अगदी एका ठेक्यात वाजवू लागले. पोरं खुर्च्यांत बसून जांभया देऊ लागली.

मध्यंतरात निशिवाकी म्हणाला, "ती माफी परत घे."

"घेतली! थेरड्या, तुला अजूनही जमत नाही!"



उत्तरार्धात नाचायला जागा पुरेना, तेव्हा पोरांनी खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या.