कानातलं यंत्र

ऑपरेशनआधी मीच माझ्या वॉर्डातल्या आजोबांच्या मुलाला बजावलं होतं, "शुद्धीवर आल्यावर ते भांबावतील अशी लक्षणं आहेत. कानातलं यंत्र लगेच घाला, म्हणजे ताळ्यावर राहतील." त्याने नंदीबैलासारखी मान डोलावली. आज डॉक्टर आले. "आजोबा, आज वार कोणता?" "नको, आत्ताच प्यायलो." "तुम्ही कुठे आहात?" "फारसं दुखत नाही." मुलगा लगबगीने पुढे झाला. "बघितलंत? बाबांचं डोकं पार गेलंय. तेवढं लिहून द्या, डॉक्टर. घर विकताना यांच्या सहीची अडचण नको." "यंत्र कुठंय?" मी विचारलं. "हरवलं हो, सिस्टर," म्हणत त्याने शर्टाचा खिसा दाबला. आणि खिसा शिट्टी वाजवू लागला, चालू यंत्र मुठीत धरल्यावर वाजते तशी. मला शिसारी आली. माझाच सल्ला त्याने उलटा वापरला होता. शिट्टी सगळ्यांनी ऐकली. आजोबा तेवढे लेकाकडे बघून हसत होते.