स्पीकरमधली घरघर

"गाण्यापेक्षा ही घरघरच जास्त ऐकू येते, बाबा. कसं सहन करता तुम्ही?" लेक स्पीकरला कान लावून कुरकुरली. आतल्या खोलीत आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. विजेची लाइन एकच, म्हणून त्याची घरघर इकडे गाण्यात उतरायची.

"अगं, तुझ्या बाबांच्या गवयाला मी साथ करते," आतून आई म्हणाली, आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.

लेकीने दार लोटून घेतलं आणि वापरून बघायला आणलेला पॉवर कंडिशनर जोडला. "विजेतली खरखर गाळतो हा. पटला तर ठेवून घेऊ."

गाणं लागलं. आवाज इतका लख्ख, की गवयाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. लेक खुशीत वळली, तर बाबांची खुर्ची रिकामी. ते अनवाणी आत धावले होते.

"काय हो, असं धावत यायला काय झालं?" आईने विचारलं.

बाबा बाहेर आले, दार लोटलं आणि कंडिशनरची वायर काढायला लागले.

"आवाज नाही आवडला, बाबा?"

"आवाज छानच आहे गं. पण घरघर थांबली ना, की वाटतं, ती गेली."