खंदकावरचा बर्फ

कॅल्गरीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये दर एकादशीला दुपारी कीर्तन होतं. तिथेच कोपऱ्यात आमच्या ह्यांनी पुठ्ठ्याचं एक डच गाव उभं केलंय. ताऱ्याच्या आकाराचा तट, एकच दरवाजा आणि भोवती आरशाचा खंदक.

आज बुवांनी उत्तररंगाला तेच गाव घेतलं. "हिवाळ्यात खंदक गोठला की शत्रू त्यावरून चालत येईल! म्हणून माणसं रोज तटाबाहेर जाऊन बर्फ फोडायची. सांजेची घंटा झाली की दरवाजा बंद. बाहेर राहिला तो राहिला!"

किती गोड सांगतात! पण मागे सारखं टक, टक चाललं होतं.

"हे ड्राइव्हवेवरचा बर्फ फोडतायत," मी शेजारच्या वनिताताईंना म्हटलं. "भर कीर्तनातून उठू नका म्हणून किती सांगितलं!"

"भावजींना पांडुरंगापेक्षा फावडं प्यारं," त्या हसल्या.

तेवढ्यात माझी जाई जिना उतरून आली. "आई, बाबा कुठे आहेत? त्यांचे बूट, जॅकेट दारातच आहेत. बाहेर कुणीच नाहीये."

आवाज कोपऱ्यातून येत होता. मी वाकून पाहिलं. पुठ्ठ्याच्या गावात कुणीच नव्हतं. खंदकाच्या आरशात मात्र, उघड्या दरवाजाबाहेर, ह्यांची लाल टोपी वाकत होती, उठत होती.

मागे सगळे आरतीला उभे राहिले.

"बुवा, घंटा नको!" मी ओरडले.

घंटा वाजली. टक टक थांबली. आरशातला दरवाजा मिटला होता, आणि काचेवर खालून कुणीतरी दोन्ही हातांनी थापा मारू लागलं.