दोन वाजून दहा मिनिटं

"ही सगळी कामं तुम्ही आखलीत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो. मीच."

फाईल जाडजूड होती. बावीस वर्षांच्या कार्यक्रमांचे तक्ते होते तिच्यात. लग्नं, संमेलनं, कंपन्यांच्या सभा. प्रत्येक तक्त्याला तीन रकाने: वेळ, काम, जबाबदारी. ते त्याच्या बायकोने केले होते. ती आखायची, तो उचलायचा. खुर्च्या, टेबलं, दिवे. ती जाऊन आठ महिने झाले होते. फोन अजून यायचे. मॅडम आहेत का, विचारायचे. नाहीत म्हटलं की ठेवून द्यायचे.

कार्यक्रम आखणाऱ्या तीन कंपन्यांत तो खरं बोलला होता. खुर्च्या उचलायला आमच्याकडे पोरं आहेत, काका, असं तिन्हीकडे ऐकलं. ही चौथी. बाहेर बाकावर सगळे विशी-पंचविशीचे उमेदवार होते. स्वागताच्या मुलीने त्याला विचारलं होतं, मुलगा आत गेलाय का तुमचा?

घरी लेकीने कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. सोमवारी ती एका दुकानात कामाला लागणार होती. आज शुक्रवार. तिनेच सुचवलं होतं की बाबा, आईचं काम ते तुमचंच, बिनधास्त सांगा. त्याने बायकोचं नाव असलेली पहिली पानं काढून टाकली. आत तिचं नाव कुठेच नव्हतं. स्वतःच्या कामापुढे ती फक्त 'मी' लिहायची. ते बघून त्याला हायसं वाटलं होतं. पुढचं त्याने वाचलं नव्हतं. तक्ता वाचायची त्याला सवयच नव्हती. ती सांगायची, तो करायचा.

मालकीणबाई मात्र सावकाश वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पान उलटलं. मग आणखी चार पानं. बोट दर वेळी तिथेच थांबत होतं.

"दोन वाजून दहा मिनिटं," त्यांनी वाचलं. "ह्यांना जेवायला बसवणे. गोळी आधी. जबाबदारी, मी." त्यांनी वर पाहिलं. "प्रत्येक कार्यक्रमात आहे हे."

त्याने वाकून ती ओळ पाहिली. भर गर्दीत बायको त्याचा हात धरून ओढायची. मला भूक लागलीय, एकटीला जेवण जात नाही, चला. तो दर वेळी कुरकुरायचा. एवढ्या धांदलीत हिला भूक कशी लागते, म्हणायचा. दोन घास खाऊन ती उठायची. त्याचं ताट संपेपर्यंत तिथेच उभी राहायची.

"बायकोने केलेत तक्ते," तो म्हणाला. "मी खुर्च्या लावायचो."

मालकीणबाईंनी शेवटचं पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यावरचं अक्षर वाकडंतिकडं होतं. ते तिने दवाखान्यात पडल्या पडल्या लिहिलं होतं. कार्यक्रम झाला तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. दोन दहाची ओळ तिथेही होती. जबाबदारीच्या रकान्यात 'मी' लिहून खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं, 'हे स्वतः'.

"हा कार्यक्रम कोणी पार पाडला?"

"मी. तिने एकेक ओळ पाठ करून घेतली होती माझ्याकडून. एक मिनिट चुकलं नाही." तो थांबला. "ही ओळ मात्र तिने सांगितली नव्हती."

"मग जेवलात त्या दिवशी?"

त्याने मान हलवली. नाही.

मालकीणबाईंनी फाईल मिटली. आखणीच्या जागेवर तुम्हाला घेता येणार नाही, म्हणाल्या. तो उठला. खुर्ची नीट आत सरकवली, शेजारची वाकडी होती तीही सरळ केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "हॉल सांभाळायला माणूस हवाय मला. कायमचा. तक्ता माझा, पार पाडायचा तुम्ही. पण आधी पूर्ण वाचायचा."

त्यांनी उद्याचा तक्ता पुढे केला. तो खाली बसला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. दीडला पाहुण्यांची पंगत होती, अडीचला भाषणं. मधे काहीच नव्हतं. त्याने पेन मागितलं. मधल्या जागेत लिहिलं, दोन दहा, जेवण, गोळी आधी.

जबाबदारीच्या रकान्याशी त्याचा हात जरा थांबला. मग त्याने लिहिलं, मी.