दांडीचं वजन

आम्रपाली काचेच्या दाराआड उभी होती. आत प्रयोगशाळेत कचरूमामा उंदरांच्या माद्यांच्या पेटीत हात घालून स्क्रू फिरवत होते. म्हणजे तिचा संशय खोटा नव्हता.

प्रयोग तिच्या पीएचडीचा. उंदराने पेटीतली दांडी ओढली की त्याच्या मानेतल्या नसेला त्याच क्षणी हलका करंट मिळायचा आणि मेंदू ती हालचाल पक्की करायचा. सहा महिने नरांचे मेंदू बदलत होते, माद्यांचे नाही. तसा शोधनिबंध लिहून झाला होता. आज पाठवायचा होता. आणि माद्यांच्या शेवटच्या तुकडीने अचानक नरांना गाठलं होतं. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, एक इथे साफसफाई करणाऱ्या कचरूमामांकडे. कोथरूडहून येताना बसमध्येच तिने त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा मेल लिहून ठेवला होता.

ती आत गेली. "काय करताय, मामा?"

ते दचकले नाहीत. "नवी तुकडी आलीय. दांडी हलकी करतोय. मागच्या वेळी केली होती तशीच."

"कोणाला विचारून?"

"दांडी नरांच्या ताकदीची होती, मॅडम. या बिचाऱ्या वजनाला निम्म्या. ओढून ओढून दमायच्या, मग नुसत्या लोंबकळायच्या. तेव्हा कुठे दांडी खाली यायची नि करंट लागायचा."

तिला ते पटलं नाही. तिने जुने व्हिडिओ लावले. इतके महिने तिने फक्त आकडे पाहिले होते, उंदीर नाहीत. पडद्यावर एक मादी दांडीशी झटत होती. एकदा, दोनदा, पाचदा. मग थकून लटकली आणि करंटचा दिवा लागला. दुसरीचंही तेच. तिसरीचंही. नरांचा दिवा मात्र ओढताक्षणी लागत होता.

कचरूमामा पेटी पुसत होते. तिने तक्रारीचा मेल पुसला. मग शोधनिबंध उघडला आणि 'मादीच्या मेंदूवर परिणाम होत नाही' हे वाक्य काढून टाकलं. त्याच्याबरोबर माद्यांचे सहा महिनेही गेले.

"मामा, हे मला आधी सांगायचं होतंत."

"जूनमध्ये आलो होतो सांगायला," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही मान वर न करता विचारलंत, पिंजरे धुऊन झाले का."